‘छान आलाय फोटो!’ : तोंडदेखलं कौतुक आणि प्रामाणिक टीका



आजचा विषय फोटोग्राफीचा आहे. पण लेख वाचून झाल्यावर तुम्हाला तो आपल्या वहीतल्या लाल शेऱ्यांचा वाटला, तर त्यात नवल नाही. मला तो तसाच वाटतो.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. माझ्या वर्गात एक मुलगी होती. सातवीत असल्यापासून वडिलांच्या मोबाईलवर फोटो काढायची. गावातला तलाव, गोठ्यातलं वासरू, चुलीपुढे बसलेली आजी. सोमवारी शाळेत आली की मला दाखवायची, ‘बाई, हा बघा.’ मी मान वर करायची, ‘अरे वा, छान आलाय!’ म्हणायची आणि पुन्हा हजेरीपटात डोकं घालायची. असं दोन वर्षं चाललं.

नववीत तिने एका स्पर्धेला तलावाचा फोटो पाठवला. निवड झाली नाही, पण परीक्षकांनी दोन ओळी लिहून दिल्या होत्या. पाण्याची रेषा डावीकडे उतरती आहे, त्यामुळे तलाव सांडतोय असं वाटतं. आणि काठावर उभ्या मुलाच्या डोक्यातूनच विजेचा खांब उगवल्यासारखा दिसतो. ती चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली. रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, ‘बाई, मी घरी जाऊन सगळे जुने फोटो बघितले. निम्म्याहून जास्त फोटोंत असंच आहे. तुम्हाला दिसलं नव्हतं का?’

खरं उत्तर असं होतं, की मी बघितलंच नव्हतं. दोन वर्षं मी तिला ‘छान’ देत होते आणि त्या बदल्यात माझा वेळ वाचवत होते.

हौशी मंडळात काय चालतं?

मी स्वतः हौशी फोटोग्राफर आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एक छोटं मंडळ आहे. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण जमतो, फोटो दाखवतो, चहा पितो. ही पद्धत काही नवी नाही. लंडनमध्ये १८५३ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, आपल्या मुंबईतही तशी सोसायटी सुरू झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मुंबईच्या सोसायटीतले एक नामवंत सभासद. म्हणजे ‘मी काढलेला फोटो तू बघ आणि काय वाटतं ते सांग’ हा व्यवहार आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांच्या घरातला आहे.

पण सांगायचं काय, इथेच गाडी अडते. आमच्या मंडळात फोटो पडद्यावर आला की आवाज येतात, ‘वा!’, ‘क्या बात है!’, ‘अप्रतिम!’ मग पुढचा फोटो. पुन्हा ‘वा!’

असं का होतं? मला चार कारणं दिसतात.

पहिलं, हा छंद आहे. रविवारच्या सकाळी कोणाला वाईटपणा घ्यायचा असतो?

दुसरं, आहेराचा हिशेब. आज मी तुमच्या फोटोला ‘वा’ म्हटलं, उद्या तुम्ही माझ्या फोटोला म्हणाल. लग्नातल्या आहेरासारखं हे मनातल्या वहीत लिहिलेलं असतं.

तिसरं, भीती. मी तुमच्या फोटोतली चूक दाखवली, तर पुढचा फोटो माझाच आहे!

चौथं कारण कोणी बोलत नाही, पण मला ते सगळ्यात मोठं वाटतं. काहीतरी खटकत असतं, पण नेमकं काय, ते सांगायला शब्द नसतात. ‘छान’ म्हणायला काही यावं लागत नाही. ‘पाठीमागची खिडकी जास्त उजळ आहे म्हणून नजर चेहऱ्यावर थांबत नाही’ हे म्हणायला मात्र आधी बघावं लागतं, मग विचार करावा लागतो.

याच्या उलट टोकाची माणसंही प्रत्येक मंडळात असतात. ‘मी बुवा खरं बोलतो, कोणाला राग येवो’ असं आधीच जाहीर करून ती म्हणतात, ‘हा काय फोटो आहे? टुकार!’ लोक दबकतात आणि त्याला परखडपणा म्हणतात. पण नीट पाहा. ‘छान’ आणि ‘टुकार’ हे दोन्ही शब्द फोटो न बघताही बोलता येतात. दोन्हींतून फोटो काढणाऱ्याला पुढच्या वेळी काय करायचं, ते कळत नाही. म्हणून तोंडदेखलं कौतुक आणि फटकळपणा ही सख्खी भावंडं आहेत. प्रामाणिक टीका या दोघांपेक्षा वेगळी असते.

एका शाळकरी मुलाची गोष्ट

ती कशी वेगळी असते, हे सांगायला मला एक खरी गोष्ट फार उपयोगी वाटते. ती न्यूयॉर्कची आहे, शंभरहून जास्त वर्षांपूर्वीची, आणि तिची सुरुवात एका शिक्षकापासून होते.

न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये लुईस हाइन नावाचे शिक्षक होते. पुढे अमेरिकेतल्या गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या बालकामगारांची छायाचित्रं काढून ते जगभर ओळखले गेले. पण त्याआधी ते शाळेत मुलांना कॅमेरा शिकवत. १९०७ च्या सुमारास ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या २९१ क्रमांकाच्या छोट्याशा दालनात गेले. ते दालन आल्फ्रेड स्टिगलिट्झ या छायाचित्रकाराचं होतं. त्या विद्यार्थ्यांत पॉल स्ट्रँड नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. भिंतीवरची छायाचित्रं बघून त्याने मनाशी ठरवलं, की आपण हेच करायचं.

शाळा संपल्यावर स्ट्रँड वडिलांच्या धंद्यात लागला. फोटोग्राफी हौस म्हणून चालू होती. न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबचा तो सभासद झाला. त्या काळात हौशी मंडळांतून एक फॅशन होती. फोटो चित्रासारखा मऊ, धूसर दिसला पाहिजे, तरच ती कला! त्यासाठी खास मऊ प्रतिमा देणारी भिंगं मिळत. स्ट्रँडही तेच करत होता.

आपलं काम तो जाणत्यांना दाखवायला नेई. क्लॅरेन्स व्हाइट आणि गर्ट्रूड केसेबियर ही त्या वेळची मोठी नावं. स्ट्रँडने पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार ही मंडळी त्याच्याशी फार गोड वागली, पण त्याच्या कामाला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो स्टिगलिट्झच्या बोलण्याचा. स्टिगलिट्झने त्याचे फोटो बघून सांगितलं, की या भिंगामुळे सगळं एकाच पदार्थाचं बनल्यासारखं दिसतंय. गवत, पाणी, झाडाची साल यांच्यातला फरकच पुसला गेलाय. आणि उपायही सांगितला. भिंगाचं छिद्र लहान करून फोटो काढून बघ.

हा उपाय नेमका काय, ते थोडक्यात सांगते. भिंगातून उजेड आत येतो त्या छिद्राला ॲपर्चर म्हणतात. मऊ प्रतिमेच्या त्या जुन्या भिंगांत छिद्र मोठं ठेवलं की कडा विरघळल्यासारख्या दिसत. छिद्र लहान केलं की कडा स्पष्ट होत, पोत दिसू लागे. म्हणजे स्टिगलिट्झने नवं भिंग विकत घ्यायला सांगितलं नाही. हातात आहे त्याच भिंगाने वेगळं काहीतरी करून बघायला सांगितलं.

स्ट्रँडने ते केलं. १९१५ साली त्याने वॉल स्ट्रीटवर काढलेलं छायाचित्र आज छायाचित्रणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत असतं. बँकेच्या इमारतीच्या राक्षसी काळ्या चौकटी आणि त्यांच्या खालून चालणारी मुंगीएवढी माणसं. स्टिगलिट्झ ‘कॅमेरा वर्क’ नावाचं नियतकालिक काढत असे. त्यात १९१६ मध्ये स्ट्रँडचं काम छापलं गेलं आणि जून १९१७ चा शेवटचा जोडअंक तर त्याच्याच छायाचित्रांचा होता.

या गोष्टीत मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, स्टिगलिट्झ माणसाबद्दल बोलला नाही, फोटोबद्दल बोलला. दोन, त्याने ‘आवडलं नाही’ म्हटलं नाही. काय हरवलंय ते दाखवलं. तीन, उद्या सकाळी करून बघता येईल असं काहीतरी हातात दिलं.

आणि एक चौथीही. क्लबातल्या धूसर फोटोंच्या फॅशनमध्ये स्ट्रँडचे धूसर फोटो सहज खपून गेले असते. सगळे एकमेकांना ‘वा’ म्हणतात, तेव्हा त्या ‘वा’मुळे मंडळाची जुनी सवयच घट्ट होत जाते. नवं काही शिकायचं तर कोणीतरी थांबून बघणारं लागतं.

मात्र स्टिगलिट्झचं सगळंच उचलू नका. माणूस हट्टी होता. त्याचे अनेक सहकारी त्याच्यापासून दुरावले, कॅमेरा क्लबशीही त्याचं बिनसलं. नजर खरी असली म्हणून वागणं जपायला नको, असं होत नाही.

तीन वाक्यांची टीका

मी आता मंडळात आणि वर्गात एक साधी रीत वापरते. तीन वाक्यं. काय दिसतंय? त्याने काय होतंय? काय करून बघता येईल? उदाहरणं घेऊ.

आजीचा फोटो. ‘आजीच्या पाठीमागे उघडी खिडकी आहे. कॅमेऱ्याने खिडकीचा उजेड मोजला, म्हणून आजीचा चेहरा काळा पडला. खिडकी तुझ्या किंवा आजीच्या बाजूला येईल असं उभं राहून बघ, किंवा मोबाईलच्या पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवून मग फोटो काढ.’

कबड्डीचा फोटो. ‘चढाई करणाऱ्याचा चेहरा हललाय, त्यामुळे त्याच्या डोळ्यातला आवेश दिसत नाही. शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर होता, तो पाचशेव्या भागावर नेऊन बघ.’ पण हे सांगण्याआधी मी एक प्रश्न विचारते, ‘हे मुद्दाम केलंस का?’ कारण कधीकधी वेग दाखवायला मुद्दामच हात हलता ठेवलेला असतो. मग आपली टीका चुकीच्या जागी पडते. हेतू विचारल्याशिवाय चूक म्हणू नये.

तलावाचा फोटो. ‘पाण्याची रेषा तिरकी आहे, मुलाच्या डोक्यामागे खांब आलाय. नजर मुलाकडे जायच्या ऐवजी खांबावर चढते. दोन पावलं डावीकडे सरकून बघ, खांब आपोआप बाजूला होईल.’

दोन पावलं! माझ्या विद्यार्थिनीला दोन वर्षांत दोन पावलांचं अंतर कोणी सांगितलं नव्हतं.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल, ‘मग कौतुक करायचंच नाही का?’ जरूर करायचं. पण त्याच तीन वाक्यांच्या शिस्तीने. ‘भाकरी थापताना दोन्ही हात हवेत असतानाचा क्षण तू बरोबर पकडलास. त्यामुळे आवाज ऐकू आल्यासारखं वाटतं. असाच क्षण येईपर्यंत थांबायची सवय ठेव.’ हे कौतुकच आहे, पण यातून मुलीला कळतं की आपलं काय जमलं. ‘छान’मधून तेही कळत नाही. म्हणजे प्रामाणिक कौतुक हीसुद्धा प्रामाणिक टीकाच असते.

संशोधन काय सांगतं?

हे फक्त माझं मत नाही. शिक्षणाच्या क्षेत्रात यावर बरंच काम झालंय.

१९९६ मध्ये अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोघांनी अभिप्रायावरच्या जुन्या अभ्यासांचे निकाल एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदाच होतो, असं दिसलं. पण एक-तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरली होती! त्यांचं म्हणणं असं, की अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं, की त्याचा उपयोग कमी होत जातो. ‘टुकार’ने ते होतं, तसंच ‘तू ग्रेट आहेस’नेही होतं.

१९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पाचवीच्या वयाच्या मुलांना एक काम जमल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. नंतर अवघड काम दिल्यावर हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं लवकर खचली. आपण पोरांना म्हणतो ना, ‘तू तर जन्मजात फोटोग्राफर!’ पहिला वाईट फोटो आला की त्या मुलाला वाटतं, आपण जन्मजात नव्हतोच.

आणि १९८८ चा रूथ बटलर यांचा अभ्यास तर प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. पाचवी-सहावीच्या मुलांचे गट केले. एका गटाला फक्त गुण, एकाला फक्त लेखी शेरा, एकाला गुण आणि शेरा दोन्ही. फायदा झाला तो फक्त शेरा मिळालेल्या गटाला. गुण दिले की शेऱ्याचा परिणाम मावळला. आमच्या मंडळात दहापैकी गुण द्यायची पद्धत होती, तेव्हा हेच व्हायचं. आकडा कळला की पुढचं कोणी ऐकत नसे.

पथ्यं

औषध खरं असलं तरी मात्रा चुकली की बाधतं. म्हणून काही पथ्यं.

१. आधी विचारा. ‘नुसतं दाखवायला आणलंस, की काही सांगू?’ सहलीचा आठवणीचा फोटो आणि स्पर्धेला पाठवायचा फोटो यांत फरक आहे. प्रत्येक फोटो तपासायला आलेला नसतो.

२. एका वेळी एकच गोष्ट. फोटोत सात चुका दिसल्या तरी सातही सांगू नका. जी सुधारली की सगळ्यात जास्त फरक पडेल, ती सांगा.

३. नवशिक्याला आधी हुरूप हवा असतो. पण हुरूप खोट्या शब्दांनी देऊ नका. त्याच्या फोटोत खरोखर जमलेलं काहीतरी शोधा. शोधलं की सापडतंच.

४. लहान मुलाची चूक चारचौघांत सांगू नका. बाजूला बसून सांगा. कौतुक मात्र चारचौघांत चालतं.

५. आधी स्वतःचा फोटो टीकेला ठेवा. आमच्या मंडळात एका निवृत्त मास्तरांनी हे केलं. स्वतःचा फसलेला फोटो लावला आणि म्हणाले, ‘याच्यात मी कुठं चुकलो, सांगा बरं.’ त्या दिवसापासून खोलीतलं वातावरण बदललं. माझा फोटो आला तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘यात मी आधी कुठं बघू?’ मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षांत ऐकलेल्या सगळ्या ‘वा’पेक्षा त्या एका प्रश्नाने मला जास्त शिकवलं.

वर्गात आणि घरी

शिक्षकांसाठी एक उपक्रम देते. एका तासिकेत होतो. पाच मुलांनी प्रत्येकी एक फोटो किंवा चित्र आणायचं. मोबाईल नसेल तर चित्र, मातीकाम, निबंधाचा परिच्छेद, काहीही चालेल. पहिली एक मिनिट सगळ्यांनी गप्प राहून नुसतं बघायचं. मग प्रत्येकाने ‘मला दिसतं की…’ अशी सुरुवात करून एक वाक्य बोलायचं. ‘छान’, ‘मस्त’, ‘बकवास’ हे शब्द त्या तासापुरते बंद! ज्याचं काम आहे त्याने मध्ये बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. शेवटी त्यानेच सांगायचं, ‘पुढच्या वेळी मी हे करून बघणार.’ पहिल्या वेळी मुलं अडखळतात, हसतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी अशा गोष्टी दाखवतात, की आपण चकित होतो.

पालकांसाठी याहूनही सोपं. मूल काही दाखवायला आलं आणि तुम्ही कामात असाल, तर ‘छान’ म्हणून वाटेला लावू नका. ‘कणीक मळून होऊ दे, मग बसून बघते’ म्हणा. ते थोडं हिरमुसेल. पण तुम्ही खरंच बसलात आणि त्याच्या चित्रातल्या एका कोपऱ्याबद्दल एक प्रश्न विचारलात, तर तो प्रश्न ते विसरणार नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं? मी तिची माफी मागितली. मग आम्ही दोघी एका शनिवारी शाळा सुटल्यावर तिचे चाळीसेक फोटो घेऊन बसलो. कुठे रेषा तिरकी, कुठे पाठीमागे पसारा, कुठे उजेड चुकलेला, हे तीच सांगत गेली, मी फक्त विचारत होते. त्या चाळिसांत आठ फोटो खरोखर चांगले निघाले. ते आधीही चांगलेच होते, पण माझ्या सरसकट ‘छान’मुळे ते कोणते, हे तिला कळलंच नव्हतं. खोट्या कौतुकाने चुका झाकल्या जातात हे मला माहीत होतं. त्यात गुणही झाकले जातात, हे त्या दिवशी कळलं.

आता ती दहावीत आहे. गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत एक नवा फोटो घेऊन आली. मी वह्या तपासत होते. सवयीने तोंडातून निघालंच, ‘अरे वा…’

तिने मोबाईल माझ्या वह्यांवर ठेवला आणि म्हणाली, ‘बाई, बघून सांगा.’